गुरुजींनी मोजलेलं घर

डोमा गुरुजी कोणाच्याही घरी गेले की रामराम घालायच्या आधी दाराची चौकट मोजत. टेप नाही, काठी नाही, हाताची वीत. ती चौकटीवर चालवत वर न्यायचे, ओठातल्या ओठात आकडे म्हणायचे, खिशातल्या वहीत लिहायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता चहा मांडा." नव्या सुनांना वाटायचं, घरटॅक्स लावायला कोणी आलं.

मला ते चौथीत शिकवायला होते. माझी शाळा तिथेच सुटली. पुढे त्यांचीही नोकरी संपली, आणि अड्याळजवळच्या आमच्या गावात, आमच्या अगदी शेजारी राहून ते गोष्टी लिहू लागले. गोष्टीतली माणसं मनची, घरं मात्र गावातलीच. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "माणसं मी बनवतो वो सुमन. भिंतीले पाया लागते, तो माह्यापाशी नाही."

या हट्टापायी त्यांनी गावाला फार छळलं. एका गोष्टीत त्यांनी गावच्या राइस मिलच्या गोदामात भूत बसवलं. गोष्ट छापून आली. तुटकी पायरी, दारावरचं वाकडं टीन, सगळं जसंच्या तसं. हमालांनी दिवस कलला की गोदामात पाय टाकणं सोडलं. मिलमालक तणतणत गुरुजींच्या ओसरीवर आले. मी भाजी द्यायला गेले होते, ती दाराआडच थांबले.

"गुरुजी, माह्या मिलमंदी भूत काहून घातलं?"

"भूत खोटं आहे बाप्पा. मिल तेवढी खरी आहे."

"मंग उलटं करा ना! भूत खरं ठेवा, पण मिल खोटी करा!"

गुरुजी खरंच विचारात पडले. मग मान हलवून म्हणाले, "ते जमत नाही."

दाराआड मी पदर तोंडात धरून हसले. पाळी माझ्यावर आली तेव्हा हसू पळालं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात सरजा नावाची नवऱ्यानं टाकलेली बाई होती. ती त्यांनी आणून ठेवली माझ्या घरात. झालं! मी भाताची पेज गाळत असले की गुरुजी दारात हजर.

"सुमन, चुलीपासून मागचं दार किती पावलं?"

"मोजलं नाही, गुरुजी."

"मंग चालून दाखव."

मी चालून दाखवायची. घरचे, म्हणजे माझे मालक, तलावावर मासे धरतात. त्यांचं ओलं जाळं मी एकदा खुंटीवरून काढून बाहेर वाळत टाकलं, तर गुरुजी रागावले. "सरजा त्या जाळ्याकडे पाहून रडते. होतं तिथं टांग." मी टांगलं. घरभर वास. मला कोणाला नाही म्हणता येत नाही, आणि हे तर गुरुजी.

एकदाच मी धीर करून म्हणाले, "गुरुजी, त्या बाईच्या चुलीच्या खोलीत खिडकी तरी करा. धुरानं डोळे जातील तिचे."

"तुह्या घरी आहे खिडकी?"

"नाही."

"मंग तिले कुठून येईन?"

मागच्या वर्षी आम्हाला घरकुल मंजूर झालं. छपराचे कवेलू फुटले होते. पावसात चुलीजवळ भांडी मांडावी लागत, आणि पोरगी कोरडा कोपरा शोधून पाय पोटाशी घेऊन निजायची. जुनं पाडून त्याच जागेवर नवं उभं करायचं होतं, पावसाच्या आत. गुरुजी धावत आले. "शेवटचं प्रकरण राहिलं आहे. घर पाडलं तर सरजा जाईन कुठं? पंधरा दिवस थांब."

पंधराचा महिना झाला. घरचे म्हणत, "तुहे गुरुजी, तूच सांग." मी म्हणायची, "तुम्ही सांगा." सांगत कोणीच नव्हतं. चिडून चिडून माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडायचं, आणि तीच भाजी मी त्यांना नेऊन द्यायची. ते खायचे.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "सोमवारी नाही पाडलं तर मी पवनीले दुसऱ्या कामावर जातो. मंग दिवाळीनंतरच." त्या दुपारी गुरुजी आमची मागची भिंत मोजत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची सरजा कागदावर रायते, गुरुजी. तिच्यावर पाणी गळत नाही. माह्या पोरीवर गळते."

त्यांची वीत भिंतीवर तशीच राहिली. मग वही खिशात घालून ते निघून गेले. मला वाटलं, आता आपल्या हातची भाजीही घेणार नाहीत.

सोमवारी सगळ्यांच्या आधी तेच आले. धोतर खोचून खाली उभे राहिले आणि वरून उतरवलेले कवेलू हातात घेऊन रचू लागले. चुलीच्या खोलीवरचे कवेलू निघाले तसं आत ऊन पडलं. भिंत वरपासून खालपर्यंत काळी, काजळीचे पापुद्रे लोंबत होते. गुरुजी हातात कवेलू धरून बघतच राहिले.

"एवढी काळी होती वो?"

"होती."

"तीन वर्सं मोजून राहिलो. दिसली कशी नाही?"

"अंधार होता, गुरुजी."

मग ते दिवसभर कवेलू रचत राहिले.

घर उभं राहिलं. थंडीत गुरुजी गेले. जवाहरनगरला राहणारा त्यांचा मुलगा तेरवीनंतर एक जाड वही घेऊन आला. "बाबांनी तुम्हालाच द्यायला सांगितली होती."

मी ओळीखाली बोट ठेवून वाचते, महिना लागला. चौकट, खुंटी, जाळं, चुलीपासून दारापर्यंतची अकरा पावलं, सगळं तसंच. आणि शेवटच्या प्रकरणात सरजा चुलीपाशी बसली आहे, तर समोर भिंतीत खिडकी! आयुष्यभर गोष्टीतली एक खुंटी इकडची तिकडे न करणाऱ्या माणसानं माझ्या घराला खिडकी पाडली होती. मला दिसेना, डोळे पुसले.

पुढची ओळ वाचली आणि डोकं फिरलं. खिडकी पश्चिमेला! आमच्याकडे पावसाची झड पश्चिमेकडूनच येते. पहिल्याच पावसात चूल विझणार. एवढं मोजमाप केलं, चौकटीवर विती झिजवल्या, पण जी तिथे रांधते तिला एका शब्दानं विचारायला काय झालं होतं?

दोन दिवस मी धुसफुसत होते. मग पोरीच्या दप्तरातून लाल पेन काढला. चौथीत ते माझ्या वहीत करायचे तसं 'पश्चिमेला' खोडलं, आणि वर 'पूर्वेला' लिहिलं.

आता सरजाच्या चुलीवर पाणी येत नाही.