समोरच्या दुकानात गेलेलं माझं गिऱ्हाईक

मंडळी, खोटं कशाला बोलू, आज मी दिवसभर जळत होते.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं फुलांचं दुकान आहे. दिवाळीत माझ्या धाकट्या जावेनं, वर्षानं, समोरच दुकान टाकलं. आज माझ्या नेहमीच्या काकू मुलीच्या लग्नाची फुलं सांगायला आल्या. मी खुर्चीवरून उठले, तर त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या आणि सरळ वर्षाकडे गेल्या.

माझं दुकान फुलांनी भरलेलं आणि तिच्या टोपल्या अर्ध्या रिकाम्या. मग त्यांना तिथे काय दिसलं?

दोरा मागायच्या निमित्तानं मी गेले. वर्षा नवरीच्या शालूच्या रंगाला जुळणारा गजरा तिथल्या तिथे करून दाखवत होती.

काकू गेल्यावर मी विचारलं, "रोजचे हार कावून नाही विकत तू?"

"मोठ्याबाई, सगळंच विकलं तर नवरीकडे ध्यान कोण देईन? मी लग्नाचंच काम करतो. देवाचा हार मांगाले कोणी आलं का त्याले तुमच्याकडे पाठवतो."

दोरा घेऊन मी माझ्या दुकानात परत आले. दिवाळीपासून माझी गिऱ्हाइकं वाढली, ती माझ्या हाताच्या गुणानं, असं मी घरी सांगत होते.

आपणही देवाच्या हारांवरच जोर द्यावा आणि लग्नाचं काम सोडावं, हे डोक्याला पटतंय. पण काकू तिच्याकडे गेल्या, हे काही मनातून जात नाही.

तुम्ही माझ्या जागी असतात, तर जावेसाठी ते काम सोडलं असतं का?