खटाक् आणि टिक्

त्या घरात कुठलाही सिनेमा एका बैठकीत संपला असं सहसा झालं नाही. नायक दारात, नायिका जिन्यावर, दोघांच्या मधे कित्येक वर्षांचं न बोललेलं काहीतरी लोंबकळतंय, आणि नेमकी तेव्हाच टेबलावर थाप पडायची.

"थांबवा! मागच्या पाहुण्याच्या गळ्यात बघा. भातेवाला आहे!"

मग रिमोट दाबला जायचा. नायिका एक पाय उचलून जिन्यावर थिजायची आणि घरातली माणसं तिला सोडून मागच्या फुकट्या पाहुण्याच्या गळ्यात डोकावायची. तिथे खरोखरच घडी उलगडणारा, भात्यासारखं चामडी नाक पुढे काढलेला जुना कॅमेरा लटकत असायचा.

थाप मारणारे ते भिंगकाका. हे नाव गल्लीनं दिलं होतं आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. खाली कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आणि वर घर, मधे लाकडी जिना. उभा जन्म त्यांनी खालच्या टेबलाशी, एका डोळ्याला भिंग लावून, दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची पोटं उघडण्यात घालवला. जुने कॅमेरे त्यांच्या लेखी यंत्रं नव्हती, नातेवाईक होते. डब्यासारखा तो पेटी. वर एक आणि खाली एक अशी दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून डोकावून बघायचा, तो दुडोळ्या. डोळ्याला लावायचा आणि फोटो काढताना आतला आरसा फाडकन उचलणारा, तो आरसेवाला. दूरच्या लग्नात अचानक मावसभाऊ भेटावा तसे हे नातेवाईक सिनेमात भेटायचे, आणि काकांना राहवायचं नाही.

यातून घरात एक रविवारचा खेळ सुरू झाला. दुपारी सिनेमा लावायचा. पडद्यावर जुना कॅमेरा दिसला की ज्यानं आधी थाप मारून त्याची जात ओळखली तो जिंकला. थाप चुकली तर चहा करायचा. कुणीच चुकलं नाही, तर चहा हरलेल्यानं करायचा. खेळणारे दोघं: काका आणि त्यांचा जावई. जावई गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून चारी बाजूंनी काय अंगावर येतंय हे बघण्यात त्याची नजर तयार झाली होती, तरी काकांपुढे त्याची डाळ शिजत नसे. तो दर रविवारी हरायचा, दर रविवारी भांडायचा आणि दर रविवारी चहा करायचा.

"बाबा, तो कॅमेरा अर्धाच दिसत होता. अर्ध्यावर थाप मारणं नियमात बसत नाही."

"समोरून अर्धा ट्रक दिसला तर तुम्ही ब्रेक लावता की पूर्ण दिसायची वाट बघता, जावईबापू?"

"तसं नाही, पण..."

"चहात आलं घाला."

काकू सोफ्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. "मला एकदा तरी कळू दे, शेवटी त्या दोघांचं लग्न झालं का. मेली म्हातारी होऊन जाईन मी, ती बया अजून जिन्यावरच."

मुलगी दोन्हीकडून हसायची. काकांचं काम तिच्या हातात उतरलं होतं आणि काकूंची जीभही.

मग धुकं आलं.

आधी ते खालच्या टेबलावर आलं. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू काकांच्या बोटांना लागायचे, पण दिसायचे नाहीत. त्यांनी दिवा बदलला, भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. धुकं भिंगावर नव्हतं. एके सकाळी ते खुर्चीवरून उठले आणि मुलीला म्हणाले, "आजपासून तू बस इथे. तुझा हात बसायला हवा." तिला भरून आलं. बापानं आपली जागा दिली म्हणून ती दिवसभर तरंगत होती. काकांना मात्र आपण तिला फसवलं असं वाटत राहिलं.

नंतर ते धुकं जिना चढून वर आलं. टीव्हीवर जणू कुणी दूध सांडलं. माणसं डागांसारखी हलायची, आणि डागांच्या गळ्यात काय आहे ते देवाला ठाऊक. पण पहिल्याच रविवारी काकांना एक गोष्ट उमगली. डाग हलला, त्या पाठोपाठ 'टिक्' असा बारीक आवाज आला, आणि त्यांचा हात आपसूक टेबलावर पडला. "दुडोळ्या!"

बरोबर होतं! आवाज ते जन्मभर ऐकत आले होते. दुरुस्त झालेला कॅमेरा कानाशी धरून पारखायची त्यांची सवयच होती. दुडोळ्याचा टिक्, जिभेनं टाळूला हळूच स्पर्श केल्यासारखा. पेटीचा आळशी टक्. भातेवाला उघडताना कण्हतो. आणि आरसेवाल्याचा खटाक्, दार आपटल्यासारखा. कान लावून बसलं की डोळ्यांवाचून काही अडत नाही. उलट ते आता आणखी लवकर जिंकू लागले. कधी कधी पडद्यावर कॅमेरा यायच्या आधी त्याचा आवाज यायचा, आणि थाप पडायची.

"अहो, अजून दिसलासुद्धा नाही!" काकू म्हणाल्या.

"अनुभव," काका म्हणाले आणि उशीला टेकले. संशय नको म्हणून मुद्दाम टीव्हीपासून लांब बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टरकडे जायला काय हरकत होती? हरकत धंद्यातलीच होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच सांगितलं होतं: कॅमेऱ्यात सगळं उघडा, भिंग उघडू नका. एकदा जागचं हललेलं भिंग केसाच्या रुंदीएवढंही चुकून बसलं, तर चित्र कडेला कायमचं विरघळतं. मोतीबिंदू म्हणजे भिंग बदलणं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आपण जे परक्याच्या कॅमेऱ्याला सहसा केलं नाही, ते आपल्या डोळ्याला करून घ्यायचं? भीती त्यांना आंधळेपणाची नव्हती. धुक्यात निदान सगळं सारखं पुसट होतं. उद्या बायकोचा चेहरा मधे स्पष्ट आणि कडेला विरघळलेला दिसला तर? दिवसभर हा विचार ते खिशातल्या सुट्या स्क्रूसारखा बोटांनी फिरवत बसायचे.

त्या रविवारी जुन्या काळातला सिनेमा होता. बागेत लग्न. डागांची रांग उभी राहिली, एक काळा डाग त्यांच्यासमोर आला. वाद्यं थांबली. आणि खोलीभर घुमला, खणखणीत, निःसंशय, खटाक्!

थाप पडली. "आरसेवाला! आणि धडधडीत चूक! त्या काळात हा जन्माला तरी आला होता का? थांबवा, थांबवा!"

चित्र थांबलं. काकांना चेव चढला. सिनेमावाल्यांची काळाची चूक पकडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नुसती जीत नव्हती, विजययात्रा होती. "बघा कसा ऐटीत डोळ्याला लावलाय! कोपर वर, मान तिरकी! अरे, त्या वेळी लोक पोटाशी धरून वाकून बघायचे. एवढंही कळत नाही यांना?"

पडद्यावर छायाचित्रकार वाकून उभा होता. कॅमेरा पोटाशी धरलेला, मान खाली. दुडोळ्या, अगदी त्याच्या काळातला, अगदी त्याच्या जागी. चूक झाली होती ती आवाज भरणाऱ्यांची. कुणीतरी एका कॅमेऱ्याच्या चित्राला दुसऱ्याच कॅमेऱ्याचा आवाज चिकटवून दिला होता. डोळे असलेल्या माणसाला हे कधी कळलंही नसतं.

मुलीनं आईकडे बघितलं. आईनं पडद्याकडे आणि मग नवऱ्याकडे. जावई पडद्याकडे बघत राहिला, एकदा घसा खाकरला.

"बरोबर आहे बाबा," तो म्हणाला. "आरसेवालाच आहे. हरलो." आणि चहा करायला उठला.

तिथेच काकांचे कान टवकारले. हा माणूस आजवर भांडल्यावाचून हरला नव्हता. अर्ध्या दिसलेल्या कॅमेऱ्यावरून, पाऊण सेकंदाच्या थापेवरून, एकदा तर कॅमेऱ्याच्या सावलीवरून तो भांडला होता. आज मुकाट्यानं उठला. अंधारात पायरी चुकावी तसं काकांना कळलं की काहीतरी चुकलंय, आणि ते सगळ्यांना दिसतंय.

"जावईबापू, बसा खाली," काकू म्हणाल्या. "चहा आज हे करतील."

"मी? मी जिंकलो ना?"

"हो ना. जिंकलेल्याच्या हातचा चहा प्यावासा वाटतोय मला."

काका उठले. स्वयंपाकघर त्यांना बोटांनी पाठ होतं. पातेल्यात पडणाऱ्या पाण्याचा सूर वर चढला तसा त्यांनी नळ बंद केला. बुडबुड ऐकून गॅस बारीक केला. कप भरताना पुन्हा कान लावला, काठाच्या अलीकडे हात थांबला. एक थेंब सांडला नाही. ट्रे घेऊन वळले, तर दारात काकू. त्या किती वेळ उभ्या होत्या, हे मात्र त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"चहा झकास," काकूंनी उभ्याउभ्याच घोट घेतला. "लोक कानाडोळा करतात हे ऐकलं होतं. तुम्ही कानाचाच डोळा केलात. कधीपासून?"

काकांनी ट्रे ओट्यावर ठेवला. "बरेच दिवस."

"आणि आम्ही इथे हसत बसलोय, तुमच्याकडे बघून. काय दिसायचं तुम्हाला?"

"तुझा पदर हलतो तेवढं कळतं."

काकू ओरडल्या, आणि ते बरं झालं. मुलगी धावत आली. काकांनी त्या दोघींना सगळं सांगितलं: टेबल, स्क्रू, कडेला विरघळणारं चित्र. "चालतंय तर उघडू नये," शेवटी ते पुटपुटले.

"पण चालत नाहीये ना!" मुलगी म्हणाली. "बुरशी आलेला कॅमेरा कपाटात ठेवून देणाऱ्यांना तुम्ही काय सुनवायचात, सांगू? 'घाबरून ठेवून द्याल तर आणखी आत जाईल.' दुकानात बसून मी नुसते स्क्रू मोजत नव्हते, बाबा."

स्वतःचंच वाक्य तोंडावर आलं, तसे काका डॉक्टरकडे जायला तयार झाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी शांतपणे तपासलं. काकांनीही त्यांना तपासलं. नवं भिंग बसतं कशात, सरकत नाही ना, किती वेळा बसवलंय तुम्ही, हात कापत नाही ना. बाईंनी हात पुढे करून दाखवला. काकांना तो दिसला नाही, म्हणून त्यांनी चक्क मनगट धरून पाहिलं.

"आणखी एक," ते म्हणाले. "आमच्याकडे बदललेला भाग गिऱ्हाइकाला पुडीत बांधून परत देतात. विश्वास राहतो. माझं जुनं भिंग मिळेल का?"

"त्याचा भुगा होतो, काका."

"भुगा?" काका हबकले. "मग गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवतं?"

"दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ठेवतं," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर काकू होत्या. काकांनी आधी मधे बघितलं आणि मग हळूहळू कडेला: कान, कानामागची पांढरी बट, पदराची किनार. काहीच विरघळलं नव्हतं. ते परत मधे आले.

"काय बघताय एवढं?" काकू लाजून म्हणाल्या.

"कडा," काका म्हणाले. "कडा शाबूत आहेत."

पुढच्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा लावायचा हट्ट काकांनीच धरला. दुसऱ्या डोळ्याचं अजून व्हायचं होतं, म्हणून त्यांनी त्यावर तळहात धरला होता. हिरवी बाग. रांगेत उभे पाहुणे, टोप्या, फुलं, प्रत्येकाचा वेगळा चेहरा. गेल्या वेळी हे सगळे डाग होते. छायाचित्रकार वाकला. खटाक्!

थाप कुणीच मारली नाही. या कॅमेऱ्याचं नाव काढायला सगळेच जरा बिचकत होते. काका पुढे सरकले. आणखी पुढे. आणि मग अशी थाप पडली की कप उडाले.

"झाकण!"

"काय?"

"झाकण काढलेलं नाही! थांबवा! दुडोळ्याचं झाकण एकच असतं, दोन्ही भिंगांवर बसणारं. काळ्यावर काळं, म्हणून कळत नाही. तो वाकून बघतोय, पण त्याला आत मिट्ट काळोख दिसतोय!"

सगळे टीव्हीला नाक लावून उभे राहिले. होतं. दोन्ही डोळ्यांवर झाकण घट्ट बसलेलं, आणि त्याच्यासमोर एवढी माणसं, नवरानवरी, म्हाताऱ्या, लेकरं, दात काढून, छाती भरून, विश्वासानं हसत उभी होती.

"बिचारी," मुलगी म्हणाली.

"बिचारी कसली," काकू म्हणाल्या. "आपण नव्हतो का उभे तसेच?"

काकांनी वळून बायकोकडे पाहिलं. त्या हसत होत्या. काकांनाही हसू फुटलं, आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलेलं असल्यामुळे ते घाईघाईनं आवरावं लागलं.

"चला, जावईबापू," ते म्हणाले. "चहा."

जावई जागचा हलला नाही. हाताची घडी घालून तो थिजलेल्या चित्राकडे बघत होता.

"एक मिनिट, बाबा. थाप मारून कॅमेऱ्याची जात सांगायची, असा नियम आहे. तुम्ही 'झाकण' म्हणालात. झाकण म्हणजे कॅमेरा नव्हे."

"अहो, पुढच्याच वाक्यात मी दुडोळ्या म्हणालो!"

"पुढच्या वाक्यात. ब्रेक आधी लावायचा असतो, ट्रक धडकल्यावर नाही."

"हे म्हणजे अति होतंय!"

"शिवाय एका डोळ्यानं खेळणं नियमात बसतं का, तेही बघावं लागेल."

काका तावातावानं उठले. आवाज चढला, मुलगी मधे पडली, तिलाही दोघांनी झापलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात इतकं मनसोक्त भांडण चाललं होतं. काकूंनी गुपचूप रिमोट उचलला, चित्र सुरू केलं, आणि या तिघांचं लक्ष नाही तोवर पुढे काय होतं ते बघायला सरसावून बसल्या.