विहीणबाई खोली बघायला येणार

दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील, विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. "तुमचं घर माळवदाचं, मातीचं. औंदा परतीच्या पावसानं भिंती लय ओल धरून बसल्यात म्हणे. थंडीत बाळ-बाळंतीण कशी राहायची तिथं? पोरीचं आमच्याकडंच करू. आमचं स्लॅबचं घर हाय."

माझ्या अंगाची अशी आग झाली की विचारू नका. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडं कुणी मोडत नाही. लेकीला आठवा लागलेला. डिंक, खारका, खोबरं आणून मी डबे भरून ठेवलेले, आणि ही बाई मला ओल सांगते! पण खरं सांगायचं तर ओल होती. तेच जास्त झोंबलं. तरी आवाजात साखर घोळून म्हटलं, "तुमी एकदा येऊन खोली बगा की. मग ठरवू." त्या म्हणाल्या, "येते, रविवारी." तासाभरानं लेकीनं गुपचूप फोन लावला. "आई, मला तिकडंच यायचंय गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, मी हाय ना. फोन ठेवला आणि मग मीच रडले.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. घर म्हणजे लाकडाच्या सरांवर, म्हणजे तुळयांवर, मातीचं छत, तेच माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, पण पाऊस लांबला की आमची परीक्षा. बाळंतिणीसाठी ठरवलेल्या खोलीची पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत ओली होती. हात लावला की गार लागायची आणि हाताला माती यायची. नवं काही विकत आणायचं नाही, घरात आणि शेतात आहे त्यावरच भागवायचं, असं मी ठरवून टाकलं आणि आमच्या मालकांना कामाला लावलं. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी कुणाची, ते घरी येऊन बघा.

सोमवारी मालक माळवदावर चढले. पावसात उगवलेलं गवत मुळासकट उपटलं, भेगा पांढऱ्या मातीनं बुजवल्या, पाणी पन्हाळीकडं जाईल असा उतार काढून दिला. मंगळवारी गेल्या साली राहिलेल्या तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड बांधून पश्चिमेच्या भिंतीबाहेर हातभर अंतरावर उभा केला, म्हणजे वारं भिंतीला थेट झोंबायचं नाही. आत मी जुना गिलावा खरवडून काढला आणि शेण, माती, गव्हाचं भुसकट कालवून नवा दिला. सोयाबीनचं कोरडं भुसकट पोत्यांत दाबून भरलं, बाजेवर पसरलं, वर दोन वाकळा टाकल्या. बसून बघितलं तर अशी ऊब लागली की मला उठावंसंच वाटेना. दाराखालच्या फटीला जुनं लुगडं गुंडाळून लावलं. लय खूश होते मी.

इथंच थांबले असते तर! पण माझा स्वभाव नडला. बुधवारी नजर वर गेली आणि साणं दिसलं. साणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं हातभर भोक, धूर जायला आणि उजेड यायला. मला वाटलं, एवढी धडपड करून ऊब केली, ती सगळी ह्या भोकातून जाणार. वर चढले, खताच्या पोत्यातलं प्लास्टिक त्यावर अंथरलं आणि कडेनं चिखल थापला.

मालक खालून म्हणाले, "अगं, साणं कामून बुजवायलीस? जुन्या लोकांनी उगं ठेवलं का?"

"जुन्या लोकांच्या विहिणी अशा नव्हत्या," मी म्हटलं.

मग गिलावा लवकर सुकावा म्हणून आत शेगडी पेटवली आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी डोकावले तर धुरानं डोळे झोंबले, म्हणून शेगडी बाहेर काढली आणि दार पुन्हा लावलं. गुरुवारी सकाळी दार उघडून बघते तर काय! सगळ्या भिंतींना घाम फुटलेला. सरांवरून थेंब टपकत होते, लोखंडी पेटीवर पाणी साचलेलं, वाकळा दमट, आणि नवा गिलावा कोपऱ्यात पापडासारखा सुटून आलेला. चांगली खोली मी माझ्या हातानं बिघडवली होती. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, गेली पोर सासरीच.

तेवढ्यात शेजारची धनगराची काकू इरजण मागायला आली. तिचा जन्म मेंढरं राखण्यात गेला. तिनं आत डोकावलं, वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया, ह्या खोलीचं नाक-तोंड दाबलंस की तू! ओल्या गिलाव्याची वाफ जाईल कुठं? आमी मेंढरांची पिल्लं कोंडतो तिथं बी वरून वारं ठेवतो. न्हाईतर त्यांच्याच वाफंनं त्यांची लोकर भिजती अन् खोकायला लागत्यात. उघड ते साणं. दिवसा उघडं ठेव, सांज झाली की घमेलं पालथं घाल. शेगडी पेटवली तर तवर उघडंच ठेव."

मालक लगेच वर चढले. वरून आवाज आला, "मी म्हणलं व्हतं."

"म्हणलं व्हतं तर हात का धरला न्हाई माझा?" मी खालून ओरडले. काकू हसून हसून खाली बसली, मग मलाही हसू आलं.

साणं उघडलं आणि उन्हाचा एक तुकडा भुईवर पडला. दार सताड उघडं टाकलं, वाकळा अंगणात घातल्या, सुटलेला गिलावा पुन्हा चोपला. गोवऱ्यांची शेगडी मधोमध ठेवली, तर आता धूर सरळ वर जायला लागला. भिंत वरून खाली फिकी पडत चालली. स्वयंपाक करता करता मी दहादा उठून बघत होते. शनिवारी पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. तो वाळल्यावर भिंतीला गाल लावून बघितला. कोरडी! खडखडीत कोरडी! मी आनंदानं टाळ्या वाजवल्या.

"आमच्या गालाला कवा एवढ्या मायेनं गाल लावला न्हाईस," मालक म्हणाले. ह्या वयात काय बोलावं माणसानं! पण मी लाजले, ते खोटं सांगत नाही.

रविवारी जावयांच्या मोटारसायकलवरून विहीणबाई आल्या. जावई मालकांबरोबर हरभरा बघायला शेतात गेले. विहीणबाई चहा न घेता सरळ खोलीत शिरल्या. पश्चिमेच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. कोपरे बघितले, वाकळ उचलली, पोती दाबली. मग बाजेवर टेकल्या. मी चहा करायला गेले. ध्यान सगळं खोलीकडं, अर्धी साखर चुलीत गेली.

चहा घेऊन आले तर विहीणबाई भिंतीला पाठ लावून गाढ झोपलेल्या. तोंड उघडं, डोईवरचा पदर खांद्यावर. उठवावं का, कळेना. मी भुईवर बसून राहिले. चहा निवला.

अर्ध्या तासानं त्या दचकून जाग्या झाल्या. ओशाळल्या. म्हणाल्या, "आमच्या स्लॅबच्या घरात फरशी इतकी गार असती की मी मोजे घालून फिरते. अशी झोप न्हाई लागत." मग पदर डोईवर घेत म्हणाल्या, "माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं बगा. आई त्याच साली गेलती. माहेराहून न्यायला कुणी आलंच न्हाई. मी रोज दाराकडं बगायची. म्हणून मला वाटलं, सुनेचं आपल्याच हातानं करावं, म्हणजे काही कमी पडायचं न्हाई."

आठ दिवस मी ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती ही. मला स्वतःची लाज वाटली. मी उठून त्यांच्याजवळ बाजेवर बसले आणि म्हटलं, "मग तुमी बी या की तिच्यासंगं. महिनाभर राहा. तिचं मी करीन, तुमचं बी करीन."

त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. नुसती होकाराची मान हलवत राहिल्या. मग मी दुसऱ्या हातानं लेकीला फोन लावला आणि सांगितलं, "कपडे भर तुझे. अन् सासूबाईंचे बी भर."