टोपल्याखालचं निळं पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे असलं लिहायला संकोच वाटतो... पण लिहितो.

२००४चा उन्हाळा. गाव साखरा, तालुका सेनगाव. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी टायटॅनियम डायऑक्साइड घरी आणलं होतं. ही पांढरी भुकटी अर्धवाहक असते. ऊन पडलं की पाण्यातला रंग तोडून टाकते. अंधारात मात्र काहीच करत नाही. म्हणून रंग घातलेलं निळं पाणी आणि भुकटी एका काचेच्या भांड्यात उन्हात ठेवायची, तुलनेसाठी दुसऱ्या भांड्यात अंधारात.

त्याच दिवसांत माझे चुलते, नाना, वारले. किडनीमुळे डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटी ते "पानी... पानी" करत राहिले आणि काकूने दिलं नाही. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"तहानलेलाच गेला रे तुहा नाना," एवढंच म्हणायची.

दहाव्याच्या संध्याकाळी नाना गेले त्या जागी पीठ पसरून वर शेणाने सारवलेलं टोपलं पालथं घातलं. सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मग गेलेला माणूस येऊन गेल्याची खूण म्हणून पिठावर काही उमटलं का ते बघतात. मला वाटलं — एवढा पक्का अंधार दुसरीकडे कुठे मिळणार? कुणी नसताना टोपलं उचलून दुसरं भांडं हळूच पिठावर ठेवलं.

सकाळी काकूने टोपलं उचललं.

"हे पानी कोनं ठेवलं?"

"म्या ठेवलं, काकू."

"शिकून येडा झाला का रे?" आत्या कडाडली. "टोपल्याखाली हात घालतेत व्हय?"

मी वाकून बघितलं. पाणी नितळ होतं... आणि अर्ध्यावर आलेलं. भांड्याभोवती पिठावर एक रेघही नव्हती. रंग भुकटीला चिकटला म्हणावं, तर तळची भुकटी पांढरीशुभ्र. पाणी उडून गेलं म्हणावं, तर रंग उलट गडद व्हायला हवा. दिवसभर उन्हात ठेवलेलं भांडं तर अजून फिकट निळंच होतं.

काकू माझ्याकडे बघत होती. "पेयाचंच पानी व्हतं न रे, बाबू?"

तो रंग पिण्याचा नव्हता. सांगायचं अगदी ओठांवर आलं.

"व्हय," मी म्हणालो. "रांजणातलं."

त्या दिवशी तिने अर्धी भाकर खाल्ली.

नंतर त्याच टोपल्याखाली मी तीनदा प्रयोग केला. पाणी निळंच राहिलं. प्रोजेक्टमध्ये अंधारातल्या भांड्यासमोर "बदल नाही" असं लिहिलं.

यामागचं रसायन कुणाला कळलं तर मला जरूर सांगा... काकूला सांगू नका.