नटाच्या दहाव्याला मिसळ

तो नट गेला त्याच्या दहाव्या दिवशी माझ्या थोरल्या भावाने मला सकाळी मिसळ आणायला पाठवलं. दोन प्लेट, रस्सा वेगळा बांधून, पाव चार. एक प्लेट त्याला आणि एक कावळ्याला.

"दहावा त्यांच्या घरी त्यांचा मुलगा करेल," माझी बायको म्हणाली. "आपण त्यांचे कोण, भाऊजी?"

"प्रेक्षक," दादा म्हणाला. "तिकीट काढून आलेला. पासवर नाही."

"आणि मिसळ? दहाव्याला भात ठेवतात."

"त्याला आवडायची. नाशिकला प्रयोग असला की आधी मिसळ, मग मेकअप."

"कावळ्याचं पित्त खवळेल."

"नाशिकचा कावळा आहे. तो अजून तर्री मागेल."

मला या दहाव्याची भीती वाटत होती, आणि तिचं कारण घरात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. ते आता सांगतो.

तरुणपणी हा नट रंगमंचावर कधी चालत आलाच नाही. उडी मारून यायचा. खिडकीतून, माळ्यावरून, एकदा तर पहिल्या रांगेतून. दादा तेव्हा ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. दिवसभर मोजपट्टी घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी नाटक बघायचं, हे त्याचं आयुष्य. भांगसुद्धा त्या नटासारखाच पाडायचा. पुढे एकदा पिंपळगावहून येताना कुठल्याशा टेम्पोतून सांडलेल्या द्राक्षांवरून त्याची मोटारसायकल घसरली आणि कमरेखालचं शरीर गेलं. "द्राक्षांनी आडवे केलेले नाशकात पुष्कळ आहेत," तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, "पण न पिता आडवा झालेला मी एकटाच."

दोन वर्षांनी तो नट तालमीत माळ्यावरून पडला. त्याचाही मणका गेला. दादाने ती बातमी दोनदा वाचली. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी त्याची नक्कल केली. आता त्याने माझी केली."

नट घरी बसून राहिला नाही. मणक्याच्या दुखापतींवर संशोधन व्हावं म्हणून खुर्चीत बसून गावोगाव हिंडायला लागला. नाशिकला आला तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. बाजूच्या दाराने, दोघांनी ढकललेल्या खुर्चीतून तो आला आणि म्हणाला, "उशीर झाला, माफ करा. पूर्वी खिडकी चालायची." लोक हसले आणि हसता हसता रडले. मग तो म्हणाला, मी पुन्हा चालेन असं सांगायला आलेलो नाही. डॉक्टरांना माहिती हवी आहे, ती आपल्या शरीरांत आहे, घरी ठेवून तिचं लोणचं घालायचंय का? आणि त्याने अर्ज वाटले.

दादाने तो अर्ज पंधरा दिवस भरला. कुठे दुखतं, कुठे कळत नाही, लघवी, झोप, सगळं. शेवटचं पान 'देखभाल करणाऱ्यासाठी' होतं. ते मी भरायचं होतं. एक प्रश्न असा होता : या कामाचा तुम्हाला कधी राग येतो का? पर्याय तीन. कधीच नाही, कधी कधी, नेहमी. मी 'कधी कधी'वर खूण केली. खाली 'सविस्तर लिहा' म्हणून चार ओळी सोडलेल्या. मी मूर्खासारखं सविस्तर लिहिलं. ते शाईने लिहिलेलं. आणि मग आठवलं की पाकीट बंद करण्याआधी दादा ते तपासणार. कारखान्यातून त्याच्या हाताखालून न बघता खिळाही सुटला नव्हता, आणि हे तर त्याचं स्वतःचं काम.

मी घाईने पाकीट चिकटवलं आणि "तुझं बघायचं राहिलं, पण टाकून आलो" असं सांगितलं. टाकलं मात्र नाही. वाटलं, नवं पान मिळवू, गोड गोड लिहू, मग टाकू. पान मिळवलं नाही. पाकीट कुकरच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. दादा सुरुवातीला दर आठवड्याला विचारायचा, "काही उत्तर?" नंतर महिन्याने. नंतर विचारायचा थांबला, आणि ते मला सगळ्यात सोयीचं वाटलं.

आता दहावा. कावळा लवकर शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली, असं आपल्याकडे धरतात, आणि घरचे हात जोडून एकेक वचन देत बसतात. मी मनाशी ठरवलं होतं : कावळा आला नाही तर ती इच्छा म्हणजे आपलं पाकीट. मग सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

आम्ही तिघं इंदिरानगरच्या आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी गेलो. मी कठड्यावर पान मांडलं, मटकी वाढली, वर फरसाण, बाजूला पाव. माझा हात मागे यायच्या आत कावळ्याने पाव उचलला आणि गेला.

"अर्धा मिनिटही नाही," दादा घड्याळाकडे बघून म्हणाला. "तृप्त माणूस."

"उपाशी कावळा," बायको म्हणाली.

मी सुटलो होतो. खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेला पाव खायलाही घेतला. दादाने लिफ्टकडे खुर्ची वळवली आणि सहज म्हणाला, "त्याचं काही राहिलं नाही, बघ. इतक्या लोकांनी अर्ज भरून दिले. माझाही होता त्यात."

"नव्हता," मी म्हणालो.

जुळवलेलं वाक्य ऐनवेळी आठवलंच नाही. तोंडात पाव होता. कसंबसं सगळं सांगितलं. बायको पान धुवायचं म्हणून नळाकडे गेली, ते धुवायचं नसतं हे तिलाही माहीत होतं.

"काय लिहिलं होतंस?" दादाने विचारलं.

"की तू सारख्या चुका काढतोस. आणि एका सकाळी तू हाका मारत होतास तेव्हा मी अर्धा तास मुद्दाम पेपर वाचत बसलो."

"अर्धा नाही, पाऊण," तो म्हणाला. "मी घड्याळ बघत होतो."

मग त्याने खुर्चीचा ब्रेक लावला. "मला वाटलं, वजन जास्त म्हणून त्यांनी मला संशोधनात घेतलं नाही," तो म्हणाला. "तेव्हापासून भात सोडला मी. तुला वाटलं, साखर आहे म्हणून?"

मला खरंच तसं वाटलं होतं. मी त्याला कधी विचारलंही नव्हतं.

दुपारी तो माझ्याशी बोलला नाही. बायकोला म्हणाला, "भात आहे का?" आणि माझ्यासमोर बसून दोन वेळा वरणभात घेतला, वर तूप. मला वाढायला उठू दिलं नाही.

चार वाजता हाक आली. मी धावलो. मांडीवर लॅपटॉप होता. त्या नटाने सुरू केलेलं काम त्याची माणसं अजून चालवतात, आणि अर्ज आता कॉम्प्युटरवरच भरतात. माझ्याशी एकही शब्द न बोलता त्याने आपली पानं भरून टाकली होती. शेवटचं पान उघडून लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"खरं लिही," तो म्हणाला. "खोटं लिहिलंस तर तुझ्यामुळे संशोधन चुकेल."

मी लिहिलं. चारपेक्षा जास्त ओळी झाल्या. मग बाण 'पाठवा'वर नेला.

"थांब," दादा भिंतीकडे बघतच म्हणाला. "वाचत नाही मी. पण बटण मी दाबणार. तुझ्या हातात सोडलं तर उद्या हा लॅपटॉप कुकरच्या खोक्यात जाईल."

मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने डोळे घट्ट मिटले, बोट पुढे केलं, आणि ते बटणावर बरोबर पडावं म्हणून मला ते धरून न्यावं लागलं.