पगारे काकांची परवानगी

"गेलं. परत गेलं, ताई," कविता म्हणाली.

मी बघतच होते. डेस्कटॉपवर परीक्षेच्या ॲपचा निळा आयकॉन आला, दोन मिनिटं टिकला. मग उजव्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची लाल चौकट उघडली आणि आयकॉन गायब. मी आल्यापासूनची ही तिसरी वेळ. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तीन वाजता कविताची परीक्षा होती.

मी सोळा वर्षं नाशिकमध्ये घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. दार उघडणारे लोक आधी माझ्या मागे बघतात, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. जेल रोडच्या पगारे काकांनी तसं केलं नाही. "जय भीम, या," म्हणाले, आणि माझं नाव आणि आल्याची वेळ एका जाड वहीत लिहून सही मागितली. काका ओझरच्या विमान कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. तिथे विमानाला कुणी हात लावला तरी लॉगबुकमध्ये नोंद व्हायची. घरच्या कॉम्प्युटरलाही त्यांनी तोच नियम लावला होता. मी हसू दाबून सही केली.

कविता त्यांची मुलगी. सात वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जितके तास घेतले तितकंच मानधन, उन्हाळ्यात घरी, जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. आता एका शिक्षणसंस्थेत विज्ञान शिक्षकाची कायम जागा निघाली होती. परीक्षा घरून द्यायची, संस्थेच्या ॲपवर. आदल्या दिवशी ज्या कॉम्प्युटरवर नोंदणी केली, त्याच कॉम्प्युटरवर. सायबर कॅफे चालणार नव्हता, मोबाइल चालणार नव्हता आणि दुसरी तारीखही मिळणार नव्हती.

"काल चाललं होतं ना?" मी विचारलं.

"काल मस्त चाललं. सकाळी उठून बघते तर नाहीच. मग परत टाकलं, तर दोन मिनिटांत उडालं. तेव्हापासून हेच चाललंय."

मला वाटलं, हे तर नेहमीचं दुखणं. परीक्षेचं ॲप सुरू झालं की स्क्रीन ताब्यात घेतं, बाकीचे प्रोग्राम बंद करतं, कीबोर्डवर नजर ठेवतं. कुणी कॉपी करू नये म्हणून. पण व्हायरसही हेच उद्योग करतो. मग अँटिव्हायरस गोंधळतो. भिंतीवर चढलेला माणूस केबलवाला आहे की चोर, हे वॉचमनला लांबून कसं कळणार? याला आम्ही फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतो. म्हणजे खोटा गजर. उपाय सोपा असतो. सेटिंगमध्ये जायचं आणि त्या ॲपला एक्सेप्शन द्यायचं, म्हणजे याला सोड असं सांगायचं. पाच मिनिटांचं काम.

मी सेटिंग उघडलं. पासवर्ड मागितला गेला.

"काका, जरा पासवर्ड टाका."

"कशासाठी?"

"या ॲपला एक्सेप्शन द्यायचंय."

काकांनी चष्मा काढला. "पहिल्यांदा ते मीच डिलीट केलं. रोज सकाळी सहाला मी स्कॅन मारतो. लाल आलं की रिजेक्ट."

"पप्पा! तुम्ही?" कविता ओरडलीच.

"मला काय माहीत ते तुझं आहे म्हणून? पण रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट. रिजेक्ट झालेला पार्ट मी कधी परत विमानात बसू दिला नाही."

"अहो काका, हे विमान नाही," माझा आवाज चढला. "घरातला पीसी आहे. आणि पोरीची परीक्षा आहे."

"म्हणून तर म्हणतोय."

कविता रडकुंडीला आली. "पप्पा, सात वर्षं झाली. आज हुकलं तर मी परत जूनमध्ये अर्ज घेऊन रांगेत उभी. द्या ना पासवर्ड."

स्वयंपाकघरातून पगारे मावशी बाहेर आल्या. "अहो, द्या की. लेकरू रडायला लागलं."

काकांचा चेहरा कसनुसा झाला. पण जागचे हलले नाहीत. "कन्सेशन लिहा मॅडम. मग देतो."

कन्सेशन म्हणजे त्यांच्या कारखान्यातला कागद. एखादा पार्ट शंकास्पद ठरला, पण वापरायचाच असला, तर लेखी परवानगी लागते. पार्ट कोणता, दोष काय, तरी तो चालेल याला पुरावा काय, किती वेळासाठी. खाली सही.

मला संताप आला होता. साडेबारा वाजले होते. पण वाद घालण्यापेक्षा चार ओळी लिहिणं लवकर होईल, असा हिशेब केला आणि पेन घेतलं.

"आधी दोषाचं नाव," म्हणत काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. वरच्या नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या. लाल चौकटीतला सगळा मजकूर त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवला होता. मी तीच चौकट तीनदा न वाचता बंद केली होती. सोळा वर्षांत शेकडो पाहिल्या, वाचायचं काय त्यात?

सकाळी सहा दहाच्या नोंदीत लिहिलं होतं, "संशयास्पद वर्तन." दहा चाळीसच्या नोंदीत मात्र वेगळंच लांबलचक नाव होतं. त्यात ट्रोजन हा शब्द होता. ट्रोजन म्हणजे चांगल्या ॲपचं सोंग घेऊन शिरणारा आणि आतून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. एकाच ॲपला दोन वेगळे दोष कसे?

"कविता, आज सकाळी ॲप कुठून घेतलंस?"

"मेलमधली लिंक फार स्लो होती. आमचा परीक्षेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, त्यावर कुणीतरी फाइल टाकली होती. इथून पटकन होतं म्हणून."

मी त्या फाइलच्या प्रॉपर्टीज, म्हणजे तिची सगळी माहिती, उघडल्या. खऱ्या कंपनीच्या ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, सोन्यावर हॉलमार्क असतो तशी. या फाइलवर सहीच नव्हती.

सकाळी सहाचा गजर खोटा होता, पण हा खरा होता. मी मागितल्याबरोबर काकांनी पासवर्ड दिला असता, तर मी माझ्या हाताने चोराला घरात घेतलं असतं. कविताने त्यातच आपलं लॉगिन टाकलं असतं, आणि परीक्षा तर गेलीच असती.

"काका, तुमचं बरोबर होतं. मी चुकत होते," मी म्हणाले.

काका जिंकल्यासारखे हसले वगैरे नाहीत. "मग खरा पार्ट आणा," एवढंच म्हणाले.

ग्रुपवरची फाइल मी उडवली, ती जिथे उतरली होती तो फोल्डर स्कॅन केला. कविताने ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं. मग संस्थेच्या मेलमधली लिंक उघडली. घरचं नेट रडत होतं, म्हणून माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला. तरी फाइल उतरायला दोन वाजत आले. तेवढ्या वेळात कविता दोनदा तोंड धुऊन आली.

या फाइलवर सही होती. मेलमध्ये ॲप बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, सहीतही तेच नाव होतं. काकांनी दोन्ही मोठ्याने, एकेक अक्षर करत वाचलं. मी घड्याळाकडे बघत दात आवळून ऐकलं.

"ओके," शेवटी म्हणाले. कन्सेशनमध्ये एक ओळ त्यांनी स्वतः घातली, "मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत." आम्हा तिघींना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि पासवर्ड टाकला.

मी एक्सेप्शन दिलं आणि ॲप टाकलं. आयकॉन आला. दोन मिनिटं झाली. पाच मिनिटं झाली. आयकॉन जागेवर होता. टाळी आधी मावशींनी वाजवली, मग आम्ही सगळ्यांनी. दोन पस्तीसला कविताचं लॉगिन झालं, कॅमेऱ्यात चेहरा ओळखला गेला आणि तिने खोलीचं दार लावलं.

माझं काम संपलं होतं. देवळाली कॅम्पला पुढचं गिऱ्हाईक वाट बघत होतं. त्यांना फोन करून सहा वाजता येते म्हटलं आणि काकांशेजारी जिन्यात बसले. काकांनी बेल बंद केली होती. भाजीवाला आरोळी द्यायला लागला, तर त्याला नुसत्या हातवाऱ्यांनी कोपऱ्यापर्यंत पिटाळलं.

साडेचारला दार उघडलं. "एकही प्रश्न सोडला नाही, पप्पा."

ठीक पाच वाजता काकांनी मला एक्सेप्शन रद्द करायला लावलं. मी मुकाट्याने केलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकात होते. "मॅडम, कविताचं झालं. कायम." मग मावशींनी फोन घेतला. त्या रडत होत्या आणि त्याच दमात रविवारी जेवायला या म्हणून दटावत होत्या. मी स्कूटी बाजूला घेतली आणि भर चौकात "येस!" म्हणून एकटीच ओरडले. वाहतूक पोलिसाने वळून पाहिलं. पाहू दे. आमच्या धंद्यात पीसी चालू झाला की लोक आम्हाला विसरतात, असा आनंद वाट्याला येतो कुठे?

बाकी शिकले ते एवढंच. लाल चौकट बंद करायच्या आधी वाचावी. ती वाचण्यासाठीच लिहिलेली असते, हे कळायला मला सोळा वर्षं लागली.