नवसाचे वाळे

मी जन्माची संशयी. दूधवाल्यानं चरवी पुढं केली की आधी बोट बुडवून बघणार, मगच माप घेणार. देवाशीसुद्धा मी तशीच वागले. पहिली दोन मुलं हाती लागली नाहीत, म्हणून तिसऱ्या वेळी जोतिबाला बोलले होते, हे जगलं तर त्याच्या पायातले चांदीचे वाळे वर्षाच्या आत तुझ्या पायाशी आणून ठेवीन. पोरगं जगलं, दुडूदुडू चालायला लागलं, आणि वाळे त्याच्या पायातच राहिले. घुंगरांचा आवाज घरभर फिरायचा, तो थांबवायचा जीव होईना. मनात म्हणायचे, अजून थोडं मोठं होऊ दे, मग बघू. अडीच वर्षं झाली तरी माझं बघणं चाललंच होतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी फोंडा घाटाजवळच्या एका शाळेत शिकवत होते, यजमान कोल्हापुरात नोकरीला. पोराला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी दुपारी आकडी आली तसा दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, बाई, इथं वेळ घालवू नका, कोल्हापूर गाठा. शेवटची एसटी मिळाली, पण दाजीपूरच्या जंगलात शिरलो आणि गाडीचा पाटा तुटला. ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं आणि सांगून टाकलं, आता सकाळीच काय ते. माझ्या मांडीवर पोरगं फणफणत होतं, मधूनच डोळे फिरवत होतं. सकाळपर्यंत हे राहत नाही, एवढंच मला कळत होतं.

मागच्या बाकावरून एक धनगर उठला. पन्नाशीचा, खांद्यावर काळं घोंगडं. म्हणाला, जंगलखात्याच्या नाक्यावरून लाकडाचा ट्रक रात्री कोल्हापूरला सुटतो. सडकेनं लांब पडतं, पण रानातल्या पायवाटेनं तासाभरात पोचू. मला काही हा माणूस पटेना. एकट्या बाईला रात्रीचं रानात न्यायची याला एवढी घाई कशाला? कंडक्टर म्हणाला, इथलाच आहे तो, जावा बिनघोर. त्याचं काय जातंय म्हणायला! पण दुसरा इलाज नव्हता. मंगळसूत्र पोलक्यात सारलं, पोराला खांद्यावर टाकलं आणि खाली उतरताना गुपचूप एक दगड उचलून मुठीत धरला.

पहिल्याच चढाला माझा दम उखडला. पाय घसरून गुडघ्यावर आपटले, तेव्हा त्यानं पोराला घेतलं आणि घोंगड्यात गुंडाळलं. मी बॅटरी धरून त्याच्या पाठीला चिकटल्यासारखी चालत होते. पोरगं तापानं पाय झाडायचं आणि घुंगरं वाजायची. मला तो आवाज बरा वाटत होता, पोरगं जवळ आहे एवढं तरी कळत होतं. अशात तो एकदम थांबला.

"बाई, बॅटरी इजवा. आन् ह्याच्या पायातलं वाळं काढतो."

झालं! शेवटी चांदीवर आलाच, असं माझ्या मनानं घेतलं. बॅटरी विझवली, दगड घट्ट धरला. तो माझ्याकडं पाठ करून खाली बसला, ओल्या मातीत काहीतरी चाचपलं, बराच वेळ हात चालवले. मग पुढच्या झाडीतून जड श्वास ऐकू आले. गवे होते. चांदण्यात एकेक काळं धूड वाट ओलांडत होतं, आणि मधोमध एक पिल्लू. पिल्लू असलं की गवा कशालाही बिचकतो आणि अंगावर येतो, हे शाळेतल्या पोरांनीच मला सांगितलं होतं. आम्ही दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर श्वास धरून उभे. पोरानं पाय झाडले, आवाज झाला नाही. मी जोतिबाचं नाव घेत होते, पण खरं सांगायचं तर डोळे त्या माणसाच्या कमरेवर होते. वाळे त्यानं तिथंच खोचले असणार.

नाक्यावर पोचलो तर ट्रक सुरूच होता. मी ट्रकमध्ये चढून बसले, तसं धनगरानं पोराला घोंगड्यासकट माझ्या मांडीवर दिलं. तेवढ्यावर गप्प बसले असते तर मी कसली? नाक्यावरच्या शिपायाला ओरडून सांगितलं, ह्यानं माझ्या पोराचे वाळे घेतलेत. शिपायानं त्याला थोबाडीत दिली, कंबर चाचपली, पटका सोडवला. तंबाखू आणि चुन्याची डबी निघाली, बाकी काही नाही. वाटेत टाकले असतील, पहाटे जाऊन उचलायचे, असं शिपाई म्हणाला. मलाही ते पटलं. धनगर खाली मान घालून उभा होता. ड्रायव्हरला एवढंच म्हणाला, "तू सोड गाडी."

कोल्हापुरात डॉक्टरांनी पोराला लगेच आत घेतलं. दोन तासांनी बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. मी हातातलं घोंगडं तोंडावर धरून रडले. गालाला काहीतरी टोचलं. घोंगड्याच्या दशांमध्ये दोन्ही वाळे आवळून बांधले होते, सुटून पडू नयेत असे. एकेका घुंगरात ओली माती ठासून भरली होती.

पोरगं बरं झाल्यावर आम्ही तिघं त्या धनगराच्या वाडीवर गेलो. तिथं कळलं, त्या रात्री नाक्यावर त्याला सकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो मागं सरला. विचारलं, दादा, वाळे घोंगड्यात आहेत हे तुम्ही का नाही सांगितलं?

"घोंगडं माझं," तो म्हणाला. "त्यात वाळं गावलं असतं तर चोर मीच ठरलो असतो. मग पंचनामा आला, तुमाला बी बसवून ठेवलं असतं. मग पोराला कोन न्हेणार?"

त्याच आठवड्यात डोंगर चढून वाळे जोतिबाच्या पायाशी ठेवले. माती तशीच होती. पुजारी म्हणाले, बाई, देवाला द्यायचं ते धुऊन तरी आणायचं. मी म्हटलं, राहू द्या, त्याला माहीत आहे. नवस फेडायला आलेल्या मला त्या दिवशी काही मागायचं उरलं नव्हतं. ज्याच्या हातात पोर द्यायला माझं मन तयार नव्हतं, त्याच्याच हातून देवानं ते माझ्या मांडीवर परत दिलं होतं. दूधवाल्याच्या चरवीत मी अजून बोट बुडवते, सवय आहे. पण तो गेला की बोट पुसताना ती थोबाडीत आठवते.